सात मीटर

तार्मो भिंतीवर बोट ठेवून सांगतो,
अकरा किलोवॉटचा घे, जेवण होईतो गाडी भरेल.
यूल्ले चष्मा पुसते.
दिवसाचे चाळीस किलोमीटर,
शाळा, सूर लावायचे दोन पियानो, मासळीचं दुकान;
आणि सारेमा बेटावरची डिसेंबरची रात्र
दुपार सरायच्या आतच दार लावून घेते.
घाई कुणाला आहे?
साडेतीनचाच दे, स्वस्तातला.
ॲप नको, रंगीत दिवे नकोत.

मग केबल पाच मीटर पुरे, तो म्हणतो,
होडी तेवढी शेडमधून काढ.

होडी.
तीन वर्षं पालथी,
बुडाला कालेवच्या हातचा
अर्धाच रंग.

ती नोटा पुन्हा मोजते.
वाचले तेवढे
सगळे केबलवर घालते:
सात मीटरची दे.
होडीला
वळसा घालून जाऊ दे.