अर्धमेली वीज

गेली तर गेली.
काळोखाला टामालेत कोण घाबरतं?
काळोखात यंत्र गप्प असतं.
भीती आहे ती वीज अर्धी मरते तेव्हाची:
ट्यूब नुसती टोकांना लाल होते,
पंखा आपली पाती मोजत फिरतो,
आणि आत, हिरव्या पाटीवर,
प्रोसेसर बरळायला लागतो.

बरळतो, आणि लिहूनही ठेवतो.
मेख इथेच आहे.

येंडीच्या दवाखान्यातून आलेला हा लशींचा फ्रिज:
आत अकरा अंश,
आणि नोंदीत रात्रभर
चार, चार, चार, चार.
नर्स साल्मू म्हणाली, हा खोटं बोलला.
खोटं नाही गं.
त्याला शुद्धच नव्हती.
गोवराच्या एकशे साठ मात्रा
तिने एकेक मोजून खोक्यात भरल्या, फेकण्यासाठी.
फेकायच्याच होत्या, तरी मोजल्या.

भिंगाखाली धरलं तर
जिथे तीन पायांची चिप हवी
तिथे कथलाचे तीन कोरे ठिपके.
कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी
दोन पैसे वाचवले होते.

तिळाएवढी असते ती.
चिमट्यातून उडाली की फरशीवर रांगायचं.
तिला गणित येत नाही, घड्याळ कळत नाही,
ती फक्त व्होल्टेजच्या तोंडाकडे बघत बसते.
दोन पूर्णांक नऊच्या खाली उतरलं
की प्रोसेसरचा एकच धागा ओढते:
गप्प. काही लिहू नकोस.
वीज परतली तरी लगेच सोडत नाही.
उतरताना दोन पूर्णांक नऊ, चढताना पुरते तीन;
उंबऱ्यावर घुटमळणाऱ्याला ती आत घेत नाही.
वर आणखी दोनशे मिलिसेकंद.
दम खा. मग पहिल्यापासून.

आफा इस्साहाकूंनी मला डाग द्यायला शिकवलं.
दिवसा अजूनही ते वासावरून सांगतात
कुठला कपॅसिटर फुटलाय.
तिन्हीसांजेला मात्र मंद होत जातात,
मला मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारतात.
अशाच एका वेळी पुतण्या कागद घेऊन आला.
सही खरी होती. अक्षर वळणदार, नेहमीपेक्षाही.
दुकानाचा रस्त्याकडचा अर्धा भाग गेला.
सकाळी त्यांनीच विचारलं,
ही भिंत इथे कोणी घातली?

मी तेव्हा तिथेच होतो.
दोन हातांवर, तीन पायांच्या स्टुलावर,
कुणाच्या तरी मोबाइलचा स्पीकर बदलत.

चिप बसवली. दाब हळूहळू उतरवत नेला:
दोनशे, एकशे ऐंशी, एकशे साठ, एकशे दहा.
पडदा कोरा झाला.
मेला! साल्मू ओरडली.
नाही, म्हटलं, थांबलाय.
ती माझ्याकडे बघत राहिली, पटलं नसावं.
मोटारकिंगवर दोरीने फ्रिज आवळून गेली,
मागे हरमॅटनची धूळ.

संध्याकाळी आफा आले.
खिसे चाचपले, पेन मागितलं.
कशाला, ते त्यांनाही सांगता येईना.
पेन माझ्या कानावरच होतं.
सकाळी देतो, म्हणालो.