दीडशे शब्द

दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर
आमच्या पोस्टात नव्हती.
बाई म्हणाली, संपलीत, खानापूरला बघा.
म्हणजे दहाच्या कागदाला जाऊन-येऊन चव्वेचाळीस,
वर स्टँडवरचा चहा.

नियम असा की एका अर्जात एकच विषय
आणि शब्द दीडशे. त्याच्या वर नाही.
मला काय त्याचं!
चौतीस वर्षं बेळगावच्या छापखान्यात खिळे जुळवले,
तीन मामा, दोन आत्या, आशीर्वाद देणारे सगळे भाऊबंद
एका वेलबुट्टीच्या चौकटीत बसवले,
कुणी रुसलं नाही.

लिहिलं:
मारुतीच्या देवळामागचा दिव्याचा खांब, नंबर सतरा.
दिवा कधी बसवला. किती वेळा बदलला.
खर्च काय आला. बिलांच्या नकला द्याव्यात.
शब्द साठसुद्धा झाले नाहीत.
खाली बरीच जागा उरली.

तिथं कारण लिहायचं नसतं,
झेरॉक्सवाल्या परशानं सांगितलं.
माहिती कशाला पाहिजे
हे कुणी विचारायचंच नाही, कायदाच तसा आहे.
चांगला कायदा.

पंचायतीत पीडीओ नव्हते. मीटिंगला.
दुसऱ्या दिवशीही मीटिंगला.
शिपाई बसाप्पा आधी म्हणाला, "नाळे बर्री,"
मग जरा हळू, मराठीत,
"कशाला करूलायसा हे? बल्ब पाहिजे तर
मी लावतो की ओ काका."
म्हटलं, बल्ब नको, पोच दे.
त्यानं शिक्का उलटा मारला.
मारू दे. उलटं वाचून तर पोट भरलं माझं.

उत्तर आलं एक्केचाळिसाव्या दिवशी,
दोन पानं,
कन्नडमध्ये.

मला कन्नड येत नाही असं नाही.
बाजारापुरतं येतं, भांडणापुरतं त्याहून बरं.
आणि अक्षरं तर बोटांना ठाऊक:
पोरसवदा होतो तेव्हा छापून झालेले कन्नड खिळे
ज्याच्या त्याच्या खान्यात परत टाकायचं काम माझ्याकडे होतं.
वाटोळे, गार, शिशाचे,
पण सगळे आरशातले.
कागदावर सरळ उभे राहिले
की ओळख दाखवत नाहीत.

आकडे तेवढे कळले. सतरा.
चार.
तीन हजार आठशे चाळीस.

शेजारच्या हुंदऱ्यांची सून नीलव्वा, बैलहोंगलकडची.
भाकरी थापायची थांबली,
पिठाचे हात पदराला पुसून
उंबऱ्यात उजेडाला कागद धरला.
"बीदी दीप," म्हणाली. "गल्लीतला दिवा.
चार वेळा नवा घातलाय. मार्चात पण."
मग तिचं बोट एका ओळीखाली थांबलं.
"उरियुत्तिदे.
जळूलाय म्हणे, काका. आता."

आम्ही दोघांनी बाहेर बघितलं.
दिवेलागण झालेली.
खांब होता.

"याक?" तिनं विचारलं.
दोनच अक्षरं.
कायद्यानं न विचारलेलं, पीडीओनं न विचारलेलं,
मीही कुणाला विचारू दिलं नव्हतं.

मग सांगितलं.
मार्चातली अमावास्या. शेवंता गिरणीतून दळण घेऊन येताना
गटारीच्या फुटक्या फरशीवर.
डबा उघडला होता, पीठ सगळं अंगावर,
म्हणून तर अंधारात दिसली.
पांढरी.

नीलव्वा काही बोलली नाही.
पुसलेले हात तिनं परत एकदा पुसले.
आत जाऊन पोराच्या वहीचं मधलं पान काढून आणलं.
"ना बरितीनि," म्हणाली, "कन्नडात.
सतराचं अपील तुम्ही करा.
अठरा माझ्या दारातला आहे. तो मी विचारतो."

ती तिथंच पाटावर बसून लिहायला लागली.
भाकरीचा जळका वास आला, कुणी उठलं नाही.
मी शेजारी बसून शब्द मोजत होतो.
वाचता आले नाहीत तरी मोजता येतात,
मधल्या रिकाम्या जागा धरून.