पौषातली उन्हाळी

घणसोली नाक्यावरचं माझं दुकान,
रात्री साडेदहा, शटर अर्ध्यावर.
खोकल्याचं औषध नेणारी बाई जाईपर्यंत
तो बाहेर थांबतो,
मग उगाच वजनकाट्यावर चढतो. उतरतो.
"ताई, उन्हाळी लागलीय."

पौष चालू आहे, खाडीकडून गार वारा येतोय
आणि याला उन्हाळी.
सब्जा झाला, धन्याजिऱ्याचं पाणी झालं.
"भट्टीजवळचं काम ना, रबाळ्याला,
उष्णता उतरतच नाही."
सगळा दोष भट्टीला.

माझे बाबा असते
तर कात्रीने पट्टी कापून
दोन गोळ्या पुडीत बांधल्या असत्या,
ना नाव ना गाव.
त्याला ते माणुसकी म्हणायचे.
मी मोकल बाईंचा पत्ता दिला.
"लघवी तपासायला द्यावी लागेल," म्हटलं.
तो वजनकाट्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी: डॉक्सीसायक्लिन,
सकाळ-संध्याकाळ, सात दिवस.
"जेवणानंतर. पेलाभर पाणी. दुधाबरोबर नको.
गिळून लगेच आडवं व्हायचं नाही, छाती जळते.
आणि हे सात दिवस..."
"सांगितलंय डॉक्टरांनी," तो घाईघाईने.
चिठ्ठीच्या तळाशी तिरक्या अक्षरात:
जोडीदारास तपासणीला पाठवावे.
ती कड त्याने दुमडून घेतली होती,
नखाने दाबून.

पाचव्या सकाळी पट्टी परत.
"आग थांबली, ताई. सहा उरल्यात.
घेता? नाहीतर शिफ्टमधल्या एकाला
हव्याच आहेत."
भट्टीवाल्या माणसाला
राखेखालचं मी काय सांगायचं?
तरी सांगितलं. जरा जास्तच आवाज चढला.
काउंटरवरच्या बाटलीतून पाणी ओतून
एक तिथेच घ्यायला लावली.

जाता जाता म्हणाला,
"तिला तर काहीच होत नाही."
"होत नसलं तरी असतं."
त्यावर तो बोलला नाही.
फळीवरचे डायपर बघत होता.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी दुकान भरलेलं.
गर्दीतून एक हात पुढे आला,
चिठ्ठी मोकल बाईंची, कुठेही न दुमडलेली.
औषध मात्र दुसरं, एकदाच घ्यायचं.
का, ते मी
तिच्या पदराकडे न बघता ओळखलं.

गोळ्या हातात घेऊन तिने मोजल्या
आणि सगळ्यांदेखत, खणखणीत विचारलं,
"एवढ्याच?
त्याला तर चौदा होत्या."