सव्वाचार इंच

साडेपाचला बांबूनं दव झाडतो.
लांब, लवचीक बांबू,
गवतावरून नुसता फिरवायचा.
मग होल-कटर. दोन्ही हातांनी पिळत खाली.
गुडघा टेकायचा नाही, खूण उरते.
वर येतो मातीचा डबा, सव्वाचार इंच रुंद,
तो कालच्या भोकात बसवायचा,
तळव्यानं दाबायचा, पाणी मारायचं.
कालचं होल संपलं.

मी सोयरू वेळीप. अठरा झेंडे माझ्याकडं.

पहिली नऊ होलं खाणीची.
पुर्तुगेजांचं राज्य, मॅनेजर जर्मन,
माती जपानला जायची
आणि साहेबाला रविवार जात नसे.
तेव्हा ग्रीन हिरवं नव्हतंच:
काळं तेल ओतलेली वाळू.
बाप तिच्यावर फळी ओढायचा,
चेंडूपासून भोकापर्यंत, वाटेपुरतीच.
मागं डोंगर ट्रकांत भरून बंदराकडं चाललेला,
पुढं साहेब एका डोळ्यानं भोक बघतोय.

मग खाण बंद. बारा वर्षं म्हशींनी चालवलं मैदान.

मग नकाशावाला आला, टोपीवाला, गोड बोलणारा.
झाडं राखा म्हणाला. किंदळ, जांभूळ, घोटिंग,
बागेत फिरल्यासारखं वाटलं पाहिजे माणसाला.
राखली. काजू तेवढे तोडले,
ते त्याला बागेतले वाटले नाहीत.

तिसरं होल तीनशे ऐंशी यार्ड, पार चार,
मध्येच डावीकडं कोपरासारखं मोडतं.
माहितीपुस्तकात आहे: धाडसी खेळाडूची कसोटी.
खरं म्हणजे ती कोन्सेसांव फुर्ताद.
वीस गुंठे, एक विहीर, चार डुकरं.
वकील तीनदा आला.
तिन्ही वेळा तिनं त्याला चहा दिला,
सही नाही दिली.
म्हणून फेअरवे वळला.
अंगणात पडलेले चेंडू ती कोंबडीच्या टोपलीत ठेवते,
वीस रुपयांना परत. नवा असला तर तीस.

सातव्याला पाणी आहे.
फोटो सगळे तिथलेच काढतात, कमळं लावलीत.
तो खाणीचा खड्डा. तळ कुणी मोजला नाही.
खाली एक डंपर आहे म्हणतात.
ड्रायव्हरचं नाव कुणी घेत नाही.
त्याचा मुलगा पंधराव्यावर यंत्र चालवतो,
सातव्याचं गवत मीच कापतो.

अकराव्याच्या किंदळीखाली देवचाराचा दगड.
जेसीबीवाला केपेचाच, त्यानं इंजिन बंद केलं
आणि चावी नकाशावाल्याच्या हातात दिली.
आता स्कोअरकार्डच्या मागं स्थानिक नियम चौथा:
किंदळीखाली गेलेला चेंडू दोन क्लब दूर, विनादंड.
कारण छापलेलं नाही.
अवसेला मी रोट ठेवतो आणि एक विडी.
विडीचा खर्च खतात दाखवतो.

चौदाव्यावर वाळू कमी पडली होती,
तिथं कटर काळा निघतो.
पुण्याचा गवत-तज्ज्ञ नमुना पिशवीत घालून गेला.
मला विचारलं असतं तर सांगितलं असतं:
राख आहे. पिसो गांवकराची काजूभट्टी.
एप्रिलात तिथं अजून हुर्राकाचा वास येतो,
निदान मला येतो.
आणि गवत सगळ्यांत दाट तिथंच.

पुस्तक सांगतं, त्याच जागी पंधरा दिवस
पुन्हा होल पाडू नये,
जमिनीला भरून यायला तेवढे लागतात.
मी पाळतो.
सातव्याशी मात्र हा विषय काढत नाही.

उजाडलं. शेवटचा झेंडा.
अठराव्यावर आज मागच्या बाजूला ठेवतो,
उजवीकडून सहा पावलं, उतारावर.
बँकवाल्यांची मॅच आहे, चाळीस माणसं,
निम्म्यांचा चेंडू उजवीकडं जातो.
कोन्सेसांवनं टोपली
रिकामी करून ठेवली असेल.