पाळीपत्रक

केमियार्वीहून साल्लाला जाणारी सकाळची बस,
बाहेर उणे अठ्ठावीस,
आणि इर्मेली आपल्या बाजूची काच खाली करते.
मागून कुणीतरी ओरडतं, अहो, काच!
छातीपासून कानशिलांपर्यंत
कुणी चूल पेटवत नेल्यासारखं झालेलं,
लोकरी टोपी मांडीवर, मानेवर घाम,
तो वाऱ्याने लगेच गार. मग हुडहुडी.
मग काच वर.

एकोणीस वर्षं हाच रस्ता.
मंगळवारी लाकूडगिरणीच्या थांब्याचं नाव
ओठांवर आलंच नाही.
एका शाळकरी पोरानं सांगितलं, हसत.
ती हसली नाही. तिला आई आठवली,
शेवटी शेवटी चमच्याला किल्ली म्हणणारी.

आगाराच्या भिंतीवर पाळ्यांचा तक्ता,
कुणाची पहाटेची, कुणाची रात्रीची, सगळं ठरलेलं.
तिची स्वतःची पाळी मात्र
कधी एकोणिसाव्या दिवशीच,
कधी दोन महिने पत्ता नाही,
मग अशी, की सीटवर टॉवेल घालून गाडी हाकली.

रात्री तीनला जाग. एइनो घोरतोय.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
ते घोरणं गुन्हा वाटलं.
सकाळी त्याच्या उष्ट्या कपावरून भांडली,
अंगणातला बर्फ उपसताना रडली.

गुरुवारी सौनात बायकांची पाळी.
वरच्या फळीवर शाळेतली जुनी स्वयंपाकीण हेल्वी
दगडांवर पाणी टाकत म्हणाली,
"तू आत यायच्या आधीच लाल होतीस.
सत्तेचाळीस ना?
मला कुणी सांगितलंच नव्हतं गं,
दोन वर्षं हृदयाच्या डॉक्टरकडे खेपा घातल्या."
खालून कुणी म्हणालं, माझे गुडघे.
कुणी म्हणालं, झोप.
एक काहीच बोलली नाही, सरकून जागा केली फक्त.

त्यांच्या भाषेत या वर्षांना जो शब्द आहे
त्यात गियर दडलेला आहे.
इर्मेलीने तो शंभरदा ऐकलेला,
गियर तर दिवसभर हातात,
दोन्ही कधी जोडून पाहिले नव्हते.

आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली, लिहून आणा,
तारखा, घाम, झोप, चिडचिड, क्षुल्लक वाटलं तरी.
शेवटच्या थांब्यावर इंजिन चालू ठेवून
जुन्या पाळीपत्रकाच्या पाठीवर ती लिहिते.
राग, असं लिहून खोडते. परत लिहिते.
लाकूडगिरणी, असंही लिहिते,
पुढे काय ते सुचत नाही.

परतीची वेळ. एक म्हातारा चढतो,
फार गार आहे हो आत, म्हणतो.
"मागे बसा, हीटर तिकडे आहे,"
ती म्हणते,
आणि काच दोन बोटं उघडीच ठेवते.