जांभळ्याचं पिवळं

शिरोलीच्या फाउंड्र्यांमागं आमचं युनिट.
पत्र्याचं छप्पर, सहा बायका, अर्क आटवायचं एक यंत्र
आणि पाटोळेसाहेब,
ज्यांना क्रीमचा वास कळतो आणि डबीचं झाकण.

फेब्रुवारी सरता सरता
दाजीपूरकडून पोती येतात.
धायटीची फुलं.
वाळली की लवंगेएवढी,
विझत आलेल्या निखाऱ्याच्या रंगाची.

पोत्यांबरोबर ठकूबाई झोरे.
नोटा दोनदा मोजून कनवटीला लावते
आणि दरवर्षी तेच विचारते,
"हे लावल्यावर म्हातारपण येत न्हाई व्हय?"
"उशिरा येतं, मावशी."
"मग आमच्याकडं लवकर आलंय ते त्यांचंच आसंल.
पत्ता चुकून."

मागल्या साली तिला एक डबी दिली होती.
यंदा म्हणाली, टाचांना लावली.
"तोंडाला कशाला? तोंड कोण बघतंय रानात?
टाचा रोज दगूड बघत्यात."

ती गेली की मी नळ्या मांडते.
द्रावण वांग्याच्या सालीसारखं जांभळं.
त्यात प्रत्येक कणापाशी एक इलेक्ट्रॉन एकटा,
जोडीसाठी वखवखलेला,
दिसेल त्याला ओरबाडणारा.
आपल्या कातडीतही हेच चालतं म्हणतात,
उन्हात, धुरात, नुसतं जगण्यात.

अर्काचे मोजून थेंब.
मग अंधारात अर्धा तास.

तेवढ्यात मी डबा खाते.
पलीकडं ओतकाम सुरू झालं
की बाकाखाली जमीन गुणगुणते,
आमटीवर बारीक वलयं उठतात.
त्याच शेडमध्ये अण्णा एकतीस वर्षं होते,
भट्टीकडं कायम डावा गाल करून.
तो गाल उजव्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आहे.
लग्नाकार्यात फोटोवाल्याला आधीच सांगतात,
"ह्या अंगानं काढ."

कपाट उघडते.
जांभळं गेलेलं.
नळीत डाळीच्या पाण्यासारखं पिवळं,
निवांत, जोडी लागलेलं.
वहीत लिहिते : ब्याण्णव टक्के.
पाटोळेसाहेब म्हणतात, आकडा लेबलवर घ्या,
ठळक, आणि शेजारी फुलाचं चित्र.
धायटीचं नको, कुणी ओळखत नाही.
कमळ टाका.

वहीत एका गोष्टीला रकाना नाही.
ज्यानं आपला इलेक्ट्रॉन काढून दिला
त्याचं पुढं काय झालं.
पुस्तकात एका शब्दात उरकलंय : खर्च झाला.

खिडकीत विसरलेली एक बाटली
मे महिन्यात सापडली.
फुलाचा लाल कुठंच नव्हता.
पावसाळ्यात भंगाराच्या ढिगातून जे वाहतं
तसलं तपकिरी पाणी.
मी बेसिनमध्ये ओतलं
आणि नळ उगाच जरा जास्त वेळ चालू ठेवला.

रविवारी अण्णा अंगणात पेपर वाचत होते.
मी बोटावर क्रीम घेऊन पुढ्यात बसले.
"कशाचं गं?"
"धायटीचं."
"धायटी?
तुझ्या आज्जीला बाळंतपणात काढा द्यायचे त्याचा.
कडू जहर."
आणि पेपर न मिटता
डावा गाल पुढं केला,
सवयीनं, भट्टीकडं करावा तसा.

बोटाखाली कातडी जाड लागली, खडबडीत,
जुन्या साच्यातल्या वाळूसारखी.
काही होणार नाही हे मला आकड्यांवरून माहीत आहे.
एकतीस वर्षांना ब्याण्णव टक्के
कुठून पुरणार?

मी उठायला लागले तर म्हणाले,
"दुसऱ्या अंगाला पण लाव की.
न्हाईतर रुसायचं ते."