पिठाच्या डब्यातली किल्ली

प्रभू, आज द्राक्षं तुडवली.
विहिरीच्या पाण्यानं दोनदा धुऊनही
पाय गुडघ्यापर्यंत चिकटच आहेत.
कखेतीच्या या उतारावर ऑक्टोबरात
भल्याभल्यांना वास चुकवता येत नाही,
आणि मी तर एल्गुजा,
ज्यानं पोटच्या पोरीच्या लग्नात
शुभेच्छा टेबलाखालून दिल्या.

अकरा महिने झाले.
तू मोजत नसशील, मी मोजतो.
चौकटीवर खिळ्यानं ओढल्यात रेघा,
पोरांची उंची मोजतात तशा.

मागच्या खोलीत, मातीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण
रात्रभर फसफसतात.
कान लावला तर ऐकू येतं.
मी लावत नाही.
लावला. एकदा. मंगळवारी.

मोठ्या परीक्षा माझ्या वाट्याला येत नाहीत.
मला कुणी डोंगरावर नेऊन राज्यं दाखवत नाही.
शेजारचा जुंबेर कुंपणावरून वाटी दाखवतो,
म्हणतो, चव तरी बघ,
गोडच आहे अजून, दारू झालीच कुठे?

आणि रविवारी फादर इओसेब
चमच्यानं तुझं रक्त देतात,
तेव्हा माझी जीभ चमच्याला
जरा जास्तच वेळ धरून ठेवते.
हे फक्त तुला ठाऊक.
कदाचित फादरनाही.

रोज मागतो, दार बंद राहू दे,
किल्ली माझ्या दृष्टीआड कर.
नानुलीनं ती लपवली, तुझ्या भरवशावर.
आणि मी, डोळे मिटून तुझं नाव घेता घेता,
ऐकत होतो
कुठलं झाकण वाजतंय.

पिठाचा डबा.
नऊ दिवस मला ठाऊक आहे.
नऊ दिवस याच तोंडानं म्हणतोय, राख मला.
राखणदाराला हाक मारायची
आणि मागची कडी आपणच काढून ठेवायची,
तशातली गत.

तर आज भिंत मागत नाही.
देवदूतही नको, त्यांना दुसरी कामं असतील.
स्वयंपाकघरापर्यंत सोबत ये फक्त,
सात पावलं आहेत,
आणि तोंड उघडलं की
वाक्य पुरं होऊ दे.

नानुली कणीक मळत होती.
म्हटलं, ती कुठंय मला माहीत आहे.
तिनं वर बघितलं नाही.
कोपरापर्यंत हात डब्यात घातला,
किल्ली काढली, एप्रनला पुसली.
म्हणाली, लाकडं संपलीत. जा, फोडून आण.

गेलो.
गरज नव्हती एवढी फोडली,
गरज नव्हती एवढ्या जोरानं,
म्हणजे आत कुठलंही झाकण वाजो,
मला ऐकू येऊ नये.